देठाला चुना

कोबी कुजला की त्याचा वास लपत नाही. ललिताच्या साखरपुड्यात तो कळवणच्या अख्ख्या आळीला आला.

ललिता ही नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या कुसाबाईची नात, तिच्या मुलाची, शेखरची थोरली मुलगी. स्थळ कळवणचं, मुलगा किशोर, शाळेत मास्तर. सुपारी फुटली त्या दिवशी कुसाबाईने भर बैठकीत पदर सावरून सांगून टाकलं होतं, "मानपान काय असंल ते तुम्ही पुरुषांनी ठरवा. पण माझ्या नातीच्या कार्याची भाजी माझ्या वावरातली. गिरणाऱ्याचा कोबी खाऊन बघा, मंग बोला." मंडळी हसली, बरं म्हणाली. साखरपुडा नि लग्न दोन्ही कळवणलाच करायचं ठरलं. मुलाचे वडील जयरामभाऊ यांच्या दारापुढे दोनेकशे माणसं सहज बसतील एवढं अंगण होतं. शेखरच्या दारापुढे एक जर्सी गाय आणि तिचं वासरू बसलं की जागा संपत होती.

साखरपुड्याची भाजी शेखरने पाठवली, ती फार हौसेने पाठवली. अंगावर दव असतानाच गड्डे कापले. दिसायला देखणे व्हावेत म्हणून वरची जाडी पानं सोलून टाकली. हौदात बुचकळून काढले, ओल्या गोण्यांत ठासून भरले, आणि वाटेत कोमेजू नयेत म्हणून वरून आणखी दोन बादल्या पाणी ओतलं. टेम्पो वणीच्या पुढे जाऊन बंद पडला, तो दुरुस्त होईपर्यंत गोण्या ऑक्टोबरच्या उन्हात शिजत राहिल्या. कळवणला गोणीचं तोंड सोडलं ते चिमणाबाईने.

चिमणाबाई म्हणजे किशोरची आत्या. किशोर रांगत होता तेव्हा त्याची आई गेली. तेव्हापासून या विधवा आत्यानेच त्याला लहानाचा मोठा केला. त्याच्या कार्यात कुठे काही उणं राहू नये म्हणून ती बाई महिनाभर तलवार उपसूनच वावरत होती. तिने गोणीत हात घातला आणि तो कोपरापर्यंत बुळबुळीत होऊन बाहेर आला.

"अगं माय! हाई काय शे?" चिमणाबाईचा आवाज मुळातच खणखणीत. "मुलीकडच्यांनी काय धाडलं बघा! कुजका कोबी!"

पंगतीला मग बटाट्याची भाजी झाली. लोक जेवले, पानसुपारी झाली, सगळं रीतसर पार पडलं. पण संध्याकाळी परतताना आळीतल्या दोन पोरी एकमेकींना कोपराने ढोसत कुजबुजल्या, "तीच ना, कुजक्या कोबीवाली?" आणि ते कुसाबाईच्या कानांनी टिपलं.

ललिताला त्याचं काही वाटलं नाही. ती हसली. नाशिकला कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी, तिला अशा गोष्टींचं हसूच यायचं. कुसाबाईला मात्र हसू आलं नाही. सासरचं नाव कसं चिकटतं ते तिला माहीत होतं. तिच्या चुलतसासूच्या हातून नवी नवरी असताना वरणात मीठ जास्त पडलं होतं. त्या बाईला गाव पुढे आयुष्यभर 'खारी' म्हणत राहिलं. मुलं झाली, नातवंडं झाली, सरपंचाची आई झाली, तरी खारी ती खारीच. शेवटी खांद्यावरून नेली तेव्हाही कुणीतरी म्हणालंच, "खारी गेली बिचारी."

आपली नात जन्मभर कुजक्या कोबीवाली राहणार, या विचाराने कुसाबाईने पुढचं ताट बाजूला सारलं.

"आये, लग्नाला आपण फ्लॉवर धाडू," शेखर म्हणाला. "नायतर सरळ बटाटे. बटाट्याचं नाव कोण घेतंय?"

"गप ऱ्हा," कुसाबाई म्हणाली. "कोबी मी बोललेय, कोबीच जाईल. आन् असा जाईल की त्या चिमणाबाईनं त्याच्यावर डोकं आपटलं तर टेंगूळ येईल."

बोलून बसली खरी, पण करायचं काय ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मार्गशीर्ष लागला. लग्नघर म्हणून घराला रंग काढायचा होता. तेव्हा डबाबंद रंग गिरणाऱ्यात एखाददुसऱ्या घरालाच असायचे. बाकी सगळीकडे कळीचा चुना नि त्यात निळीची पुडी. अंगणात पत्र्याच्या पिंपात चुन्याची कळी भिजत घातली होती. पाणी पडताच ती खदखदू लागली, वाफा निघू लागल्या. ती खदखद ऐकली की कुसाबाई लहान व्हायची. तिचे वडील गवंडीकाम करायचे. विहिरींची बांधकामं, मोऱ्या, कुठे एखादा छोटा पूल. तेव्हा सिमेंट नव्हतंच म्हणा ना. गोल घाण्यात चुना नि वाळू दळायची, आणि घाण्याच्या बैलामागे गोल गोल फिरायला छोटी कुसा. चक्कर येईस्तोवर फिरायची आणि वर गाणं म्हणायची.

त्या दिवशी ती पिंपाशी काठीने चुना ढवळत होती आणि ललिता शेजारी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. लग्नानंतर दोन महिन्यांनी परीक्षा होती.

"ललिते, तुझ्या त्या पुस्तकात कोबी कशानं कुजतो ते लिव्हलंय का?"

"लिहिलंय की."

"मंग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली व्हती?"

"तू विचारलंस कुठे? तू तर चिमणाआत्यांच्या नावाने बोटं मोडत होतीस." ललिता पुस्तक मिटून खाली उतरली. "आजी, आम्ही कॉलेजात कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. कसा दिसतो सांगू? थेट विटांच्या भिंतीसारखा. एकाला एक लागून विटा. ती एकेक वीट म्हणजे पेशी. प्रत्येक पेशीला भोवताली आपापली भिंत असते. भाजीत, फळात, पानात, सगळीकडे."

काठी थांबली. "भिंत?"

"भिंतच म्हणतात. पेशीभित्तिका. म्हणून तर कोबी कडक लागतो, चावला की करकरतो. जिवंत, धडधाकट गड्ड्यात जंतूला सहजासहजी शिरता येत नाही. भिंतीमागे भिंत, तिच्यामागे भिंत. किती फोडणार?"

कुसाबाईने काठी पिंपावर आडवी ठेवली. तिच्या डोळ्यांसमोर कोबीचा गड्डा म्हणजे एखादा चिरेबंदी किल्लाच उभा राहिला. पण ती गवंड्याची लेक. तिने नेमकं गवंड्यानेच विचारावं ते विचारलं.

"आन् दरजांत काय भरलंय?"

"कशात?"

"अगं, दोन विटांच्या मधल्या फटीत. दरज म्हनत्यात तिला. नुसत्या विटा एकावर एक ठेवल्या तर भिंत ऱ्हाते व्हय? शेरडानं धडक दिली तरी पडंल. मधी धरून ठेवाया कायतरी लागतं."

ललिताने पुस्तक ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "पेक्टिन. दोन पेशींच्या मधे पेक्टिनचा थर असतो, चिकट, खळीसारखा. आणि कोबी कुजवणारे जंतू आहेत ना, ते विटा फोडत बसत नाहीत. ते अंगातून एक पाणी सोडतात, त्यानं हा मधला थरच विरघळतो. दरजा सुटल्या की विटा मोकळ्या. मग सगळा चिखल."

"बुळबुळ."

"हो. चिमणाआत्यांच्या कोपरापर्यंत."

दोघी हसल्या. हसता हसता कुसाबाई म्हणाली, "आमचा बा म्हनायचा, दगड काय कुनी बी ठेवील, दरज नीट भर. मंग ह्या तुझ्या पेटीनला पक्कं कसं करायचं?"

"पेक्टिन, आजी. त्याला पक्कं धरतं ते कॅल्शियम. ते मधे साखळीसारखं अडकून बसतं. ज्या भाजीत ते जास्त, तिच्या भिंती जंतूला जड जातात."

"कुठं मिळतं ते? नाशकाला?"

ललिताने पिंपाकडे बोट दाखवलं. "त्यात आहे ना. चुना म्हणजे कॅल्शियमच."

कुसाबाईने मांडीवर अशी थाप मारली की गोठ्यातलं वासरू दचकलं. "अगं मंग आवळ्याच्या मुरंब्याला आपन काय करतो? आवळे चुन्याच्या निवळीत ठेवतो! कोहळ्याच्या फोडी ठेवतो! का ठेवतो? मऊ पडू नयेत म्हनून! माझी आजी ठेवायची, मी ठेवते, तुझी आई ठेवते. आन् कोबीला म्हनून कुनी ठेवलं नाय!"

"थांब, थांब," ललिता म्हणाली. तिचं शिक्षण तिला लगेच हो म्हणू देईना. "लावलेला चुना आत किती मुरेल ते मला सांगता नाही येणार. पण जंतू शिरतात ते जखमेतून. आपण कोयत्यानं देठ कापतो, तेच मोठं भगदाड. तिथे चुना लावला तर जागा तरी कोरडी पडेल, नि चुन्याच्या तिखटपणात जंतू टिकणार नाहीत. आणि बाबांनी मागच्या वेळी जे जे केलं त्याच्या नेमकं उलटं करायचं. धुवायचं नाही. पाणी मारायचं नाही. वरची पानं काढायची नाहीत, ती बाहेरची भिंतच आहे."

शेखर शिडीवर भिंत रंगवत होता, त्याने तिथूनच मान वळवली. "झालं! म्हंजे सगळं मीच कुजवलं व्हतं तर."

"हौसेनं कुजवलंस, बाबा," त्याची आई म्हणाली. "तुझ्या हौसेला नावं नाय ठेवत मी."

लग्नाच्या आठवड्यात दव पुरतं वाळल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर कापणी झाली. वरची चार हिरवी पानं तशीच ठेवली. गड्डा फेकायचा नाही, हातातून हातात द्यायचा, असा कुसाबाईचा हुकूम. मग ती अंगणात पाट टाकून बसली, मांडीशी दाट चुन्याची वाटी, हातात काथ्याचा कुंचला. शेखरची बायको मालन एकेक गड्डा पालथा करून पुढे धरायची आणि कुसाबाई देठाच्या कापावर चुन्याचा पांढरा टिळा लावायची. येणारा जाणारा थांबायचा.

"काय कुसाबाई, कोबीला हळद लावताय का?"

"हळद पोरीला. ह्याला चुना."

"आये," शेखर म्हणाला, "आता थोडा कात टाक न् सुपारी टाक. चिमणाबाईंना वाटंल इडेच आले."

चुना सावलीत वाळला. गोण्या नव्हत्याच या वेळी. शेजारच्या टोमॅटोवाल्याकडून प्लॅस्टिकची कॅरेटं आणली, त्यांत भाताचं कोरडं तूस नि पेंढा घालून गड्डे रचले. शेजाऱ्याचा टेम्पो रिकामाच कळवणला कांदा आणायला निघाला होता. लग्नाला अजून चार दिवस होते.

"एवढ्या आधी कशाला?" मालन म्हणाली.

"आधीच जाऊ दे. चार दिवस त्यांच्या दारात ऱ्हाऊ दे. बघू दे सगळ्या आळीला." कुसाबाईची मान ताठ होती. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा ती थोडी वाकली, कारण आभाळ भरून आलं होतं. थंडीच्या दिवसांतलं ते ओलं, कोंदट आभाळ कोणत्याच भाजीला सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. शेखरच्या घरी फोन आला त्याला तेव्हा सहाच महिने झाले होते. त्यावर मालनने विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा आणि वाजला की आधी रुमालाची घडी घालून मग उचलायची पद्धत होती. त्या काळी कळवणहून बोलायचं म्हणजे फोनची गरज नव्हती असं वाटावं इतकं मोठ्याने बोलावं लागे.

"शेखरभाऊ!" पलीकडून चिमणाबाई. "तुम्ही आमले चुना लाया का?"

"हां! लावला ना!" शेखर खुशीत ओरडला. "सगळ्यांना लावला! एकाला बी सोडलं नाय!"

पलीकडे खरखर. मग, "हे तुम्ही तोंडावर सांगता?"

"तोंडाला नाय हो, बुडाला! बुडाला लावलाय! उलटं करून बघा!"

"लाज नाय वाटत?"

"लाज कसली? घरचंच काम! आईनं सोता बसून लावला! ललितानं शिकवलं तिला!"

"पोरीनं शिकवलं!" चिमणाबाईचा आवाज चिरकला आणि फोन दाणकन आपटला गेला.

शेखरने रुमाल पुन्हा नीट पांघरला आणि हसतमुखाने स्वयंपाकघरात आला. "पोचली भाजी. चिमणाबाई विचारत व्हत्या चुना लावला का. म्हटलं लावला. लय कौतुक वाटलं बघा त्यांना, बोलताच येईना."

पिठात रुतलेला कुसाबाईचा हात तिथेच थांबला. "कसं विचारलं? शब्द न् शब्द सांग."

"म्हनल्या, तुम्ही आम्हाला चुना लावला का."

मालनने तोंडावर हात ठेवला. ललिता आधी हसली. ती एवढी हसली की भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे पुसू लागली. शेखरच्या डोक्यात प्रकाश पडायला आणखी थोडा वेळ गेला. पडला तेव्हा तोही मटकन पाटावर बसला.

"आये, मी तर म्हनलो एकाला बी सोडलं नाय!"

"ऐकलं आम्ही. अख्ख्या गिरणाऱ्यानं ऐकलं," कुसाबाई म्हणाली. तिला हसू येत नव्हतं. आधी कुजक्या कोबीवाली. आता फसव्यांची पोर. पोरीच्या अंगावर हळद चढायच्या आत दोन नावं.

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मायलेक कळवणला गेले.

जयरामभाऊंच्या ओसरीवर प्रदर्शनच मांडलं होतं. निम्मे गड्डे पालथे, पांढरे देठ रस्त्याकडे करून ओळीने मांडलेले, चार माणसांना पुरावा दाखवायला. उरलेले निम्मे चिमणाबाईने स्वतःच्या हाताने खरवडून, वरची पानं काढून, स्वच्छ धुऊन कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली झाकले होते. जयरामभाऊ वर्तमानपत्राच्या मागे होते आणि बाहेर यायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

"या, विहीणबाई," चिमणाबाई म्हणाली. "आणखी कुणाला लावायचा राहिला का?"

कुसाबाई ओसरीच्या पायरीवर टेकली. पाणी मागितलं, प्यायली. मग झाला प्रकार सरळ सांगितला. कांद्याचा पापुद्रा, विटा, दरजा, सगळं.

चिमणाबाईने ऐकून घेतलं. "भिंतीला चुना लावतात. पानाला लावतात. माणसाला लावतात ते तर आम्ही बघतोच आहोत. भाजीला लावलेला ऐकला नव्हता."

"म्या बी नव्हता ऐकला. नातीनं सांगितलं तवा ऐकला."

"आणि कोबीत भिंती आहेत म्हणता. मग दार कुठे आहे?"

"दार आपनच पाडतो, विहीणबाई. देठावर कोयता मारतो तेच दार. तिथं कुलूप घातलंय, एवढंच."

चिमणाबाईच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण तिने तो लगेच जागेवर आणला. आतून किशोर डोकावला, काही बोलणार तोच आत्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो आल्या पावली परत गेला.

कुसाबाईची नजर गोणपाटाकडे वळली. खालून पाणी झिरपत होतं. आता ओला ढीग सोडून वाळवा म्हटलं तर भांडण, आणि न म्हणावं तर निम्मी भाजी हातची जाणार. तिने थोडा विचार केला.

"असं करू," ती म्हणाली. "तुम्ही धुतलेला कोबी तुमचा, पांढऱ्या देठाचा माझा. दोन्ही हितंच ऱ्हाऊ द्या, कुनी हात लावायचा नाय. लग्नाच्या सकाळी बघू. माझा कुजला तर कुजक्या कोबीवाली म्हना, फसवी म्हना, भर मांडवात म्हना. पन मला म्हना. पोरीला नाय. आन् माझा टिकला, तर हे दोन शब्द माझ्या ललिताला जन्मात कुनी बोलायचे नाहीत. तुम्ही तर नाहीच."

वर्तमानपत्राची घडी झाली. "मंजूर," जयरामभाऊ म्हणाले आणि पुन्हा घडी उलगडली. त्या दिवशी ते एवढंच बोलले.

गिरणाऱ्याला परतल्यावर हळद होती, बांगड्या होत्या, पाहुणे होते. कुसाबाई सगळ्यांत होती आणि कशातच नव्हती. सारखी अंगणात येऊन आभाळ बघायची. आभाळ काही हलत नव्हतं.

"आजी, नक्की टिकेल असं मी म्हटलं नव्हतं," ललिताने हळद लागलेल्या चेहऱ्याने तिला सांगितलं. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा लहान झाला होता.

"तू नाय म्हनलीस. माझा बा म्हनला व्हता," कुसाबाई म्हणाली. "तरी मालनला सांगितलंय, वऱ्हाडाच्या ट्रकात आनखी दोन कॅरेट ठेव म्हनून. चुना लावूनच."

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड कळवणात शिरलं. वाजंत्री सुरू झाली. आणि आळीच्या तोंडाशीच कुसाबाईच्या नाकाला तो वास आला. तोच. साखरपुड्याचाच. कुणाचा वास? तिचा की चिमणाबाईचा?

पाहुण्यांच्या भेटीगाठी, पायांवर पाणी, ओवाळणी, सगळं मागे टाकून ती हिरव्या शालूत ओसरीकडे चालत सुटली.

चिमणाबाई तिथे एकटी उभी होती. नाकाला नव्या लुगड्याचा पदर, हातात गोणपाटाचं टोक. गोणपाटाखालचा ढीग खचला होता. खालचे गड्डे तपकिरी पडून एकमेकांत विरघळले होते आणि फरशीवरून एक ओघळ पायरीपर्यंत आला होता. कुसाबाईने आपली ओळ पाहिली. एक गड्डा उचलून बोटाने टकटक केलं. टणक. दुसरा, तिसरा, टणक. देठावरचा चुना वाळून पक्का बसला होता. एकच गड्डा बाजूने बसला होता, टेम्पोत आपटून त्याला खोक पडली होती तिथे. तिथे चुना नव्हता.

अंगणात माणसं जमू लागली होती. दोन पावलं मागे जाऊन एक हाक मारली असती तर सगळी आळी ओसरीपुढे उभी राहिली असती. चिमणाबाई तेच बघत होती. तलवार कुठेतरी गळून पडली होती. आता समोर फक्त एक घाबरलेली म्हातारी होती, जिच्या पोराचं लग्न होतं.

कुसाबाईने शालूचा पदर कमरेला खोचला. "धरा तिकडनं, विहीणबाई. मागच्या दारानं उकिरड्याकडं वाट हाय ना?"

दोघींनी गोणपाटाची झोळी केली आणि नव्या कोऱ्या लुगड्यांत, दागिने घालून, कुजलेल्या कोबीचं ओझं परसातून ओढत नेलं. वाटेत चिमणाबाईचा पाय त्या बुळबुळीवरून घसरला, ती बसकण मारून खाली आली आणि कुसाबाईही तिच्यावर. मग चिमणाबाईच्या पोटातून हसू फुटलं. एवढं मोठं की मांडवात वाजंत्रीवाल्याने वाजवायचं थांबवलं.

"आत्या, काय झालं? वास कसला येतोय?" आतून किशोरचा आवाज.

"गटार उपसलीय कुनीतरी!" कुसाबाईने परस्पर उत्तर दिलं.

चिमणाबाईने डोळे पुसले. "तुमच्या भिंती पक्क्या निघाल्या, विहीणबाई."

"माझ्या कुठल्या? कोबीच्याच हायेत. आपन निस्तं भगदाड बुजवलं."

ट्रकातली दोन कॅरेटं उतरली आणि भाजी पुरून उरली. पंगतीत लोकांनी कोबी मागून मागून घेतला. चिमणाबाई स्वतः वाढपात होती, आणि कुणी 'पुरे' म्हटलं तरी ती एक डाव जास्तच वाढत होती. घास भरवायच्या वेळी बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला तेव्हा ललिताने आजीकडे बघितलं, मग आत्येसासूकडे, आणि म्हणाली,

"भिंतीला लावला चुना, कोबीला लावला चुना,
किशोररावांचं नाव घेते, आत्याबाई, रुसू नका पुन्हा!"

मांडव हसला. का हसावं ते निम्म्या लोकांना कळलं नाही. शेखरने मात्र मान खाली घातली.

ललिताला कळवणमध्ये 'कुजक्या कोबीवाली' कुणी म्हटलं नाही. एकदा कुणा पोरीने म्हणून पाहिलं होतं, तिला चिमणाबाईने भर बाजारात असं काही सुनावलं की ती पोर नंतर वाट बदलून जायची. ललिताने परीक्षा दिली, पुढे तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवू लागली. कांद्याचा पापुद्रा मुलांना दाखवताना ती त्यांना दरजेबद्दलही सांगायची.

पाच-सहा वर्षं गेली. कुसाबाई आता गुडघ्यांनी अधू झाली होती, तरी दिवाळीला नातीकडे जायची हौस सुटली नव्हती. अशीच एकदा ती कळवणला गेली असताना ओसरीवर बायकांचा घोळका दिसला. मधोमध चिमणाबाई, पुढ्यात चुन्याची वाटी, हातात कुंचला. सुरतेच्या बाजाराला जाणारा कुणाचा तरी कोबी मांडलेला.

"नीट बघून घ्या गं," चिमणाबाई सांगत होती. "धुवायचा नाय. पाणी मारायचं नाय. हे आमच्या घरात पहिल्यापासून आहे. माझ्या सासूनं मला शिकवलं. कोबीतही भिंती असतात, तुम्हाला काय ठाऊक!"

ललिताने आजीच्या कानाशी तोंड नेलं. "आजी, ऐकलंस? ह्या तर तुलाच चुना लावताहेत."

"लावू दे," कुसाबाई म्हणाली आणि काठी टेकत घोळक्यात शिरली. "सरका गं जरा. विहीणबाई, मला बी दाखवा की, कसा लावतात ते."

चिमणाबाईने वर पाहिलं. हातातला कुंचला थबकला. मग तिने शेजारचा पाट पुढे सरकवला, एक गड्डा उचलून कुसाबाईच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिचकावून म्हणाली, "बसा. हळूहळू जमेल तुम्हालाही."